‘द’साठी ठेवलेली घंटी

घंटी वाजली आणि वंदना सिस्टर खुर्चीतून अर्धी उठली.

वर्ग हसला. मोबाईल धरून दाराशी उभे असलेले आमचे संचालक गायके सर हसले. मीही हसलो. सिस्टरचं वाक्य ‘अॅट नाइट द फिअर इज’ इथवर येऊन तुटलं होतं. रात्री भीती कशी असते, ते ती सांगणार होती. पुढचं कुणी ऐकलं नाही, विचारलंही नाही. चूक सापडली होती, आणि घंटी त्यासाठीच ठेवलेली होती.

मी इंग्रजी शिकवतो. शहरातल्या गारखेडा भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. खाली मेडिकल आणि टायरचं दुकान. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं असे तिचे चार भाग. प्रत्येकाला वेगळे गुण, त्यांना बँड म्हणतात. एका भागात बँड कमी पडला की बाकीचे तीन कितीही चांगले असले तरी उपयोग नसतो. बोलण्याच्या भागाला स्पीकिंग म्हणतात. परीक्षक समोर बसतो, विषय देतो, उमेदवार बोलतो आणि ते रेकॉर्ड होतं. आमच्याकडं स्पीकिंगची तयारी मी करून घ्यायचो.

आपल्याकडच्या माणसाचं इंग्रजी एका ठिकाणी हटकून घसरतं. ऑनेस्टी, फिअर, सक्सेस, एज्युकेशन. डोळ्यांना दिसत नाहीत, हातात धरता येत नाहीत अशी ही नामं. शाळेत आपण त्यांना भाववाचक नामं म्हणायचो. इंग्रजीत ती मोघमपणे वापरली तर आधी ‘द’ हे आर्टिकल लागत नाही. आपले लोक मात्र हमखास लावतात. ‘द एज्युकेशन इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर द सक्सेस.’ का लावतात? माझा अंदाज असा की शब्द मोठा आहे, तो बोडका कसा ठेवायचा, असं आपल्याला वाटतं. लग्नात म्हाताऱ्या माणसाला टोपी घालूनच पुढं बसवतात, तसं.

या नियमाला दुसरी बाजू आहे. एखादी ठरावीक भीती असेल, त्या माणसाच्या डोळ्यांत त्या वेळी मी पाहिलेली भीती, तर ‘द’ लागतो. लागलाच पाहिजे. पण हे समजावायला उदाहरणं द्यावी लागतात, वाक्य पूर्ण ऐकावं लागतं, आधी काय बोलणं झालं ते लक्षात ठेवावं लागतं. म्हणून मी वर्गात अर्धाच नियम सांगायचो. भाववाचक नाम आलं, ‘द’ लावायचा नाही, विषय संपला. घंटीला पूर्ण नियम परवडत नाही.

तर ती घंटी. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून बोट दाबलं की टिंग करणारी. पैठण गेटच्या एका दुकानातून मी ती आणली होती. वर्गातली पद्धत अशी होती की एक जण पुढं बसून इंग्रजीत बोलणार, घंटी दुसऱ्या एकाच्या मांडीवर. बोलणाऱ्यानं नको तिथं ‘द’ लावला की टिंग. ज्याच्यावर घंटी वाजली तो जागेवर जाताना ती घेऊन जाणार आणि पुढच्याला पकडणार. पकडेपर्यंत घंटी त्याच्याकडंच. पोरं या खेळात इतकी रंगायची की टिंग होण्याआधीच अर्धा वर्ग ‘पकडा’ म्हणायचा. सगळे कान टवकारून ऐकायचे. मला वाटायचं, वा, काय ऐकतायत. ते ऐकत नव्हते, टपून बसलेले असायचे.

ही कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. तिचं मूळ मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी कन्नड तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला. प्राध्यापकाच्या जागेसाठी पहिली मुलाखत दिली तेव्हा पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी माझ्या प्रत्येक चुकीच्या ‘द’ला हातातलं पेन टेबलावर आपटलं होतं. एक शब्द बोलले नाहीत. नुसतं पेन आपटत राहिले आणि शेजारचे दोघं हसू दाबत राहिले. ती जागा मला मिळाली नाही. पुढं ‘द’ मी असा पक्का केला की कुणाची हिंमत होऊ नये. आणि मग त्या पेनाची घंटी केली.

वंदना सिस्टर आमच्याकडं आली तेव्हा ती एका खाजगी रुग्णालयात आयसीयूची नर्स होती. वय तिशीच्या थोडं पुढं. मूळची आमच्याच तालुक्यातल्या पिशोरची. लग्न मोडलेलं होतं, एक मुलगी होती, आणि ती पिशोरला आजीजवळ. सिस्टरच्या बहुतेक पाळ्या रात्रीच्या. भाड्याच्या खोलीत पोरीला एकटी ठेवून कामावर जाता येत नाही, म्हणून मायलेकी वेगवेगळ्या. बाहेरच्या देशातल्या एका रुग्णालयानं तिला मुलाखतीनंतर निवडलं होतं. राहायला घर मिळणार होतं, मुलीला सोबत नेता येणार होतं. अट एकच, ठरलेल्या मुदतीत इंग्रजीचा बँड आणून दाखवायचा.

पहिल्या दिवशी तिनं मला गाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाली, “मग तुम्ही आपल्याकडचेच की सर. बरं झालं. मला इंग्रजी शिकवणाऱ्यांची लई भीती वाटती.”

नवीन माणूस आला की आम्ही आधी मॉक घ्यायचो, म्हणजे खऱ्या परीक्षेसारखी सरावाची परीक्षा. सिस्टरची मॉक मीच घेतली. तिला बोलायला विषय दिला आणि ती सुटली. न थांबता बोलली. एका आजोबांची नळी काढायची होती, ते हात सोडत नव्हते, मग तिनं त्यांच्याशी त्यांच्या बैलांबद्दल बोलायला सुरुवात केली, असं काहीतरी. काळ चुकत होते, ‘द’ तर मुठीनं फेकावेत तसे पडत होते. पण मला एकही वाक्य परत विचारावं लागलं नाही. ऐकताना मी घड्याळाकडं पाहिलं नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्पीकिंगचे गुण कसे देतात हे मला माहीत होतं. माझं ते कामच होतं. माणूस अडखळता बोलतो की सलग, म्हणणं पोचतं की नाही, शब्द किती, उच्चार कळतात का, हे सगळं मिळून बँड ठरतो. ‘द’ जास्तीचा पडला म्हणून कुणी नापास करत नाही. सिस्टर त्या आठवड्यात परीक्षेला बसली असती तर तिला हवा होता तो बँड मिळाला असता. माझ्याकडंच राहणाऱ्या मॉकच्या कागदावर मी तोच बँड लिहिलाही होता. तिला मात्र म्हणालो, “फ्लो चांगला आहे. पण अॅक्युरसी नाही. थोडं थांबू, पक्कं करू.”

तिनं मान डोलावली. आपल्याकडचा माणूस सांगतोय म्हटल्यावर काय.

मग ती घंटीच्या वर्गात बसायला लागली. पहिल्यांदा टिंग झाली तेव्हा ती चटकन अर्धी उठली, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा बसली. पोरांना वाटलं गंमत करतेय. दुसऱ्या वेळी तसंच, तिसऱ्या वेळीही तसंच. पोरं घंटीची वाट पाहायला लागली. तिचं बोलणं सुरू झालं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, “सिस्टर, पेशंट बुला रहा है.” आणि खसखस.

वर्ग सुटल्यावर एकदा ती थांबली. म्हणाली, “सर, एक मागते. लई नाय मागत. माझ्यापुरती घंटी बंद ठेवा. चूक झाली तर लिहून ठेवा, मागून सांगा. वाट्टेल तेवढं रागवा.”

मी विचारलं, कशाला?

“आमच्याकडं बेल वाजली की पळायचं असतं. कोणत्या बेडची हे बी नंतर बघायचं. इतकी वर्षं तेच केलं. इथं वाजली की माझे पायच उठायलेत. आणि मग काय बोलत होते ते सगळं जातं डोक्यातून.”

मी तिला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली की शिस्त जाते. शेवटी भीती मोडायलाच ही घंटी आहे. हे मी अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात सांगितलं. ती “बरं” म्हणून गेली.

घंटी तिच्या मांडीवर असली की वेगळीच अडचण व्हायची. ती वाजवायचीच नाही. पुढं बसलेला ‘द’ वर ‘द’ फेकायचा आणि सिस्टर ऐकत बसायची, मान हलवायची. पोरं ओरडायची, “सिस्टर, गेला ना, सोडला तुम्ही.” ती म्हणायची, “त्याचं होऊ द्या की आधी.” खेळ बंद पडायचा. पोरांनी तक्रार केली. मी तिला सर्वांसमोर म्हणालो, “सिस्टर, तुम्ही दुसऱ्याची चूक ओळखली नाही तर स्वतःची कशी ओळखाल?” पुढं वेरूळचा एक मुलगा बोलत होता. त्याच्या बोलण्यात आता पुन्हा चूक आली. मी तिच्याकडं बघत राहिलो. तिनं बोट ठेवलं आणि दाबलं. मुलगा थांबला. ती “सॉरी रे” म्हणाली आणि तरीही अर्धी उठलीच.

त्या दिवशी वर्ग सगळ्यात जास्त हसला. बाहेरून गायके सरांनी काचेतून ते पाहिलं.

गायके सर वाईट माणूस नव्हेत. त्यांना क्लास चालवायचा होता आणि तो ते चालवत होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, हे घंटीचं लई भारी आहे. आपण याची रील करू. त्या सिस्टरचीच घेऊ. ती उठते ना, पब्लिक पागल होईल.”

“तिला विचारावं लागेल,” मी म्हणालो.

“मग विचारा ना. तुमच्या तालुक्याची आहे, तुमचं ऐकेल.” थोडं थांबून ते म्हणाले, “सिडकोतली आपली नवी शाखा दिवाळीनंतर चालू करायची. तिथं कुणाला बसवायचं तेही ठरवायचंय.”

एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला धमकी दिली नाही, लालूच दाखवली असंही म्हणवत नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ बोलले. त्यांची जोड मी लावली.

मी सिस्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला नक्की माहीत होतं. दुसऱ्या दिवशी गायके सरांनी विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हणालो, “हो म्हणाली.” आणि सिस्टरला म्हणालो, “आज सर तुमचा सराव रेकॉर्ड करणार आहेत. नंतर बघून तुम्हालाच सुधारता येईल.” तिला ते पटलं. केस नीट करून ती पुढं जाऊन बसली.

सुरुवातीला लिहिलं ते त्याच दिवसाचं. ‘अॅट नाइट द फिअर इज’. टिंग. ती उठली. वर्ग हसला. रीलमध्ये गायके सरांनी ते उठणं तीनदा मागंपुढं करून लावलं, खाली गाणं टाकलं आणि वर लिहिलं, ‘चूक केली तर खुर्ची सुटेल.’

रील चालली. शहरात ज्याला त्याला ती दिसली. फोन यायला लागले, घंटीवाला क्लास हाच का म्हणून. नवीन बॅच भरली. मला लोक रस्त्यात ओळखायला लागले, कारण कोपऱ्यात मीही हसताना दिसत होतो.

रुग्णालयातही ती पोचली. मला हे सिस्टरनंच सांगितलं, आणि रडून नाही, एखाद्या पेशंटची हकीकत सांगावी तसं. वॉर्डबॉय ट्रेवर चमचा वाजवायचा आणि म्हणायचा, उठा सिस्टर. एका डॉक्टरनं राऊंडला जाता जाता बोटानं हवेत घंटी वाजवली. पिशोरला मामाच्या पोरानं तिच्या मुलीला मोबाईल दाखवला. मुलीनं फोनवर विचारलं, “मम्मी, तू त्या लोकांसमोर सारखी का उठायलीस?”

“सर, गायके सरांना सांगून तो व्हिडिओ काढायला लावा,” ती म्हणाली. “त्यांनी सरावाचं म्हणून तुमच्याकडून करून घेतलं अन् असं टाकलं. तुम्ही असलं काही करणार नाय हे मला माहितीय.”

मी म्हणालो, “बघतो.”

मी गायके सरांकडं गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? त्यांच्या दृष्टीनं तिची परवानगी होती, मीच आणून दिलेली. रील काढा म्हटलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता. दोन दिवसांनी मी सिस्टरला सांगितलं, “बोललो त्यांच्याशी. ते ऐकत नाहीत.”

ती म्हणाली, “असू द्या सर. तुम्ही प्रयत्न केला.”

याच्यानंतर ती वर्गात यायची, पण तिचं बोलणं बदललं. मी ते रोज ऐकत होतो आणि त्याला सुधारणा म्हणत होतो. ‘द’ खरंच कमी झाले. कारण कुठलाही मोठा शब्द आला की ती त्याच्या अलीकडं थांबायची. पायरी आहे का नाही हे अंधारात पायानं चाचपावं तसं. होप म्हणायचं तर थांबायची. पीस म्हणायचं तर थांबायची. कधी कधी तो शब्द टाळून भलतंच काही बोलायची. आजोबा, बैल, नळी असलं काही आता तिच्या बोलण्यात येत नव्हतं. माझ्याच नोट्समधली वाक्यं यायची. एज्युकेशन इज द की टू सक्सेस. बिनचूक.

परीक्षेच्या आधीच्या मॉकमध्ये मी तिला पहिल्यापेक्षा कमी बँड द्यायला हवा होता. मी तेवढाच दिला.

परीक्षा पुण्याला झाली. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्हीत ती वर गेली. स्पीकिंगमध्ये हवा होता त्याच्या खाली. थोडाच खाली, पण खालीच.

निकाल घेऊन ती क्लासवर आली. काय झालं, म्हणून मी विचारलं.

“विषय सोपा होता सर. तुम्ही कुणाला धीर दिला असेल तो प्रसंग सांगा. हे तर माझं रोजचं काम. पण मी एक वाक्य बोलायची अन् थांबायची. त्या परीक्षक बाई बी थांबायच्या. त्यांना वाटायचं मी विचार करायले. मी घंटीची वाट बघत होते. ती वाजत नव्हती, तर मला पुढं जाताच येईना.”

पुन्हा परीक्षेला बसायला रजा नव्हती आणि ऐपतही नव्हती. मुदत तर निघूनच गेली. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. गायके सर मला म्हणाले, “सिस्टरचा बेस कच्चा होता, काय?” मी म्हणालो, “हो, बेस कच्चा होता.” तिच्या पहिल्या मॉकचा बँड मला त्या क्षणी आठवत होता.

दिवाळीनंतर मी सिडकोच्या शाखेचा प्रमुख झालो.

ती शाखा मी बरी चालवली. घंटी सोबत नेली होती. हळूहळू सिस्टरचं नाव डोक्यातून जाईल असं मला वाटायचं. माणूस स्वतःची अशी समजूत घालतो. वर्ष-दोन वर्षांनी एका दुपारी वर्ग चालू होता. नवीन बॅच, सगळी कॉलेजची पोरं, गारखेड्याचा क्लास कुणी पाहिलेला नव्हता. एका मुलावर घंटी वाजली आणि त्यानं मुद्दाम, अगदी झोकात, खुर्चीतून अर्धं उठून दाखवलं. सगळे हसले. शेजारची मुलगी म्हणाली, “चूक झाली की सिस्टर मारायची असते, तो रूल आहे इथला.”

मी विचारलं, “कोण सिस्टर?”

“काय माहीत सर. असंच म्हणतात. रीलमधली कोणतरी.”

पोरांमध्ये तो खेळ झाला होता. चुकलं की ‘सिस्टर मारायची’, म्हणजे तिच्यासारखं अर्धं उठायचं. ती कोण, कुठली, ती का उठायची, कुणाला माहीत नव्हतं. मी तास अर्ध्यावर सोडला, घंटी पिशवीत टाकली आणि घरी आलो. पोरांना वाटलं मला बरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. तिचा नंबर तोच होता आणि रुग्णालयही तेच. दुपारची पाळी होती तिची. आवाज ऐकून म्हणाली, “बोला सर. कसं काय आठवण काढली?”

मी सांगायला लागलो. बोलण्याचं शिक्षण देणारा मी माणूस, एक वाक्य सरळ आलं नाही. रीलचं मी तुम्हाला विचारायला हवं होतं, इथून सुरू केलं, मग मागं गेलो, मग पहिल्या मॉकवर आलो, मग पुन्हा रील. गायके सरांनी फसवलं नव्हतं, मी त्यांना तुमची परवानगी आहे असं खोटं सांगितलं. व्हिडिओ काढायला मी कधी सांगितलंच नाही. तुम्ही आल्या दिवशीच पास होण्यासारख्या होतात, मला ते माहीत होतं. दोनतीनदा मी नुसताच थांबलो, पुढचं येईना म्हणून. ती मध्ये काही बोलली नाही. मला घाई केली नाही. पूर्ण ऐकलं.

तिच्यामागं कुणीतरी स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

“म्हणजे गायके सरांना मी उगाच शिव्या दिल्या इतके दिवस,” ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं ना सर, तर मी क्लास सोडून दिला असता. रागानं का होईना, तशीच जाऊन परीक्षा दिली असती. गावाकडचा माणूस आहे, माझ्या बाजूनं भांडायला, म्हणून थांबले मी तिथं.”

मला माफी मागायची होती. मराठीत तो शब्द किती सोपा आहे, पण तो तिच्या एवढ्या सरळ बोलण्यापुढं ठेवायला जमेना. मी भलतंच विचारलं. म्हणालो, “सिस्टर, त्या रीलमध्ये तुमचं एक वाक्य अर्धं राहिलं होतं. रात्रीची भीती कशी असते, असं काहीतरी. पुढं काय म्हणणार होतात?”

“आता नाय आठवत,” ती म्हणाली. “एका पेशंटचं सांगत होते. त्याची भीती. त्याचं काय सांगायचं होतं, नाय आठवत.”

एका पेशंटची. म्हणजे ती ठरावीक भीती होती, त्या एका माणसाची, आणि ‘द’ कदाचित बरोबरही असेल. हे माझ्या डोक्यात आलं आणि त्याच क्षणी माझी मलाच किळस आली, की आत्ताही मी हेच तपासतोय. वाक्य अख्खं ऐकलं असतं तरच ते ठरलं असतं. आता ते तिच्याजवळही नाही.

मुलगी कशी आहे, मी विचारलं.

“आहे पिशोरलाच. मोठी झाली. आता येत नाय म्हणती इकडं, मैत्रिणी तिकडंच हायेत तिच्या.”

तेवढ्यात तिच्या मागं कुठंतरी बेल वाजली. बारीक, सारखी सारखी.

“बेल वाजायली सर. जाते,” ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून गेली असावी, कारण चपलांचा आवाज मला ऐकू आला. मग कुणीतरी तो बंद केला.

गायके सरांनाही मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रील त्याच संध्याकाळी काढली. म्हणाले, “मला का फसवलं सर? मी दुसरं कुणाला तरी बसवलं असतं कॅमेऱ्यासमोर.” पण रील काढून उपयोग फारसा झाला नाही, तोवर ती शंभर जणांनी आपापल्या नावानं टाकलेली होती. मी शाखा सोडली. क्लासनं नवी घंटी घेतली आणि ती चांगली चालते, असं ऐकतो.

मी अजून शिकवतो, घरी, थोड्या लोकांना. भाववाचक नामांचा नियम सांगतो, पूर्ण सांगतो, दोन्ही बाजूंनी, वेळ लागला तरी. या धंद्यातला माझा अनुभव एवढाच आहे की चूक ऐकू यायला लागली की माणूस ऐकू येईनासा होतो, आणि हे शिकवणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं. विद्यार्थी बोलत असताना मी दोन्ही हात टेबलाखाली धरून ठेवतो. नको तिथं ‘द’ आला की उजव्या हाताचं बोट अजूनही खाली दाबलं जातं.